परमुलखातला शेजारधर्म

अंबाडी नाक्यावरून एक रस्ता भिवंडीकडे जातो, एक वाड्याकडे आणि एक वज्रेश्वरी-पारोळवरून वसईला. या पट्ट्यातून बॅग भरून निघालेली मुलंमुली आता भिवंडीच्या गोदामांपाशी थांबत नाहीत. कुणी दुबईच्या हॉटेलात लागतं, कुणी कुवेतच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून जातं, कुणी जहाजावर चढतं, तर कुणी इस्रायलमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जातं. ख्रिस्ती घरातलं मूल असलं तर निघण्याआधी फादरांचा किंवा पाळकसाहेबांचा आशीर्वाद घेतं, आई बॅगेच्या कप्प्यात जपमाळ नाहीतर बायबल सरकवते. व्हिसा, तिकीट, मेडिकल यांची तयारी सगळे करून देतात. तिथे गेल्यावर ख्रिस्ती माणूस म्हणून रोजचं जगणं कसं जगायचं, हे मात्र कुणी बसून सांगत नाही. हा लेख अशा निघालेल्यांसाठी आणि त्यांना निरोप देणाऱ्या घरांसाठी आहे.

मिस्सेला किंवा उपासनेला जाल तेव्हा तास-दीड तास जाईल. उरलेला सगळा आठवडा खोलीतले सोबती, वॉर्डातले पेशंट, सुपरवायझर, मेसवाला आणि फोनवरची घरची माणसं यांच्यात जाणार आहे. तुमची श्रद्धा कशी आहे हे कळणार ते याच माणसांना. म्हणून या प्रत्येक नात्यात एकच पथ्य कसोशीनं पाळा: नात्याला अट घालू नका. समोरच्यानं आपला धर्म मानावा ही अट नको, आपलं ऐकावं ही नको, उपकार फेडावेत ही तर मुळीच नको. बाकी जे काही मी पुढे लिहिणार आहे ते या एका गोष्टीतून निघतं.

तुम्ही इथून कोऱ्या पाटीनं जात नाही आहात, हे आधी लक्षात घ्या. अंबाडीच्या आसपास ख्रिस्ती घरं थोडीच. शेजारपाजार आगरी, कुणबी, वारली, कातकरी कुटुंबांचा. भिवंडीत उतरलं की यंत्रमागांवरचे मुसलमान कारागीर. चैत्रात वज्रेश्वरीच्या यात्रेची गर्दी दारावरून जाते, रमजानात भिवंडीचे बाजार संध्याकाळी गजबजतात. नाताळात तुमच्या घरातून करंज्यांची ताटं शेजारी जातात आणि दिवाळीत शेजारची ताटं भरून तुमच्याकडे येतात. वेगळ्या धर्माच्या माणसांत आपला धर्म न सोडता आणि दुसऱ्याचा न दुखवता कसं राहायचं, याचं शिक्षण तुमचं घरीच झालेलं आहे. नुसत्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेल्या माणसाला ते परदेशात जाऊन शिकावं लागतं. ही शिदोरी कमी लेखू नका.

याच रस्त्यानं वसईला पोचलं की आपल्या मुलखातला परदेशी गेलेला एक जुना थोर माणूस भेटतो. संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात वसईत जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयात ते धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे व्यापार केला आणि मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. फ्रान्सिस्कनांची तुकडी जपानच्या सत्ताधीशाकडे, हिदेयोशीकडे गेली तेव्हा दुभाषा म्हणून त्यांनाच नेण्यात आलं. या संघानं क्योतोत महारोग्यांसाठी रुग्णालयं चालवली. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला 26 जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत गोन्सालो होते. 1862 साली त्यांना संतपद मिळालं. वसईजवळच्या गासचं चर्च त्यांच्याच नावानं आहे. आपण त्यांचं हौतात्म्य आठवतो आणि ते योग्यच आहे. पण परदेशी निघालेल्यानं त्यांच्या आयुष्याचा आधीचा भाग पाहावा. जपान्यांशी त्यांच्या भाषेत बोलता येणारा माणूस म्हणून त्यांची तिथे गरज होती, आणि ती भाषा त्यांनी पोरवयापासून माणसांत राहून कमावली होती.

तेव्हा पहिलं काम भाषेचं. आखातात हिंदी-इंग्रजीवर निभतं म्हणून अनेकजण दहा-दहा वर्षं राहून अरबीतले चार शब्द शिकतात. नर्सनं तरी असं करू नये. दुखतं कुठे, पाणी हवं का, झोप लागली का, घाबरू नका, मी इथेच आहे, एवढी वाक्यं त्या देशाच्या भाषेत पहिल्या महिन्यात पाठ करा. आजारी म्हातारीला तिच्या भाषेत विचारलं की तिचा चेहरा बदलतो. सोबतच्या मल्याळी, नेपाळी, फिलिपिनो, बांगलादेशी माणसाला त्याच्या भाषेत जेवलास का एवढं विचारता आलं तरी पुष्कळ झालं.

अट नसलेल्या नात्याचं सर्वांत बोलकं उदाहरण मराठी माणसाला ठाऊक असलेल्या एका गोष्टीत आहे. आपण ती डॉक्टर आनंदीबाई जोशींची गोष्ट म्हणून वाचतो. ती एका ख्रिस्ती बाईचीही गोष्ट आहे. गोपाळराव जोश्यांना पत्नीला अमेरिकेत शिकवायचं होतं. त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. वाइल्डर यांच्या उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता, आणि जोश्यांना ते मान्य नव्हतं. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या मासिकात छापला. 1880 साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो अंक त्यांनी चाळला. हिंदुस्थानातल्या एका कोवळ्या मुलीला शिकायचंय, एवढीच गोष्ट त्यांच्या मनात राहिली आणि त्यांनी तिला पत्र लिहिलं.

पत्रांतून ओळख वाढली. जून 1883 मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला कार्पेंटरबाई बंदरावर हजर होत्या. आनंदीबाई त्यांच्या घरी राहिल्या, त्यांना मावशी म्हणू लागल्या. त्यांनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, धर्म सोडला नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांनी निघण्याआधी सेरामपूरच्या भाषणात जाहीर केलं होतं आणि ते पाळलं. मावशींनी त्यांना घरात मुलीसारखं वागवलं. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात आनंदीबाई गेल्या. त्यांच्या अस्थी पुढे मावशींकडे पोचल्या आणि पोकीप्सी गावातल्या कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. वाइल्डर वाईट माणूस होते असं मी म्हणत नाही. आपल्या समजुतीप्रमाणे ते प्रामाणिकच असतील. पण दोघांपैकी ख्रिस्ताचं प्रेम त्या मुलीच्या वाट्याला कुणाकडून आलं, हे परदेशी जाणाऱ्या प्रत्येकानं स्वतःला विचारावं.

याचा अर्थ श्रद्धेबद्दल तोंड उघडायचंच नाही असा नाही. कुणी आपणहून विचारलं, रोज झोपताना काय पुटपुटतेस, एवढं सगळं होऊन चिडली कशी नाहीस, तर सरळ, थोडक्यात, खरं सांगावं. 1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं चालले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्या काळात गोऱ्या माणसाकडून अपेक्षित नसलेल्या सौजन्यानं ते बोलले, गप्पा झाल्या, आणि निरोप घेताना त्यांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुस्तकाआधी सौजन्य होतं, हे त्या प्रसंगातलं घेण्यासारखं. पुस्तक देण्याचा भाग मात्र आखातात कुणी करू नये, आणि हे मी अगदी निक्षून सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत चर्च आहेत, मोकळेपणानं उपासना होते, 2019 साली पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीत हजारोंच्या जनसमुदायासमोर मिस्सा अर्पण केली. तरीही मुसलमानांमध्ये धर्मप्रसार करणं तिथे गुन्हा आहे. सौदी अरेबियात तर चर्चच नाही. प्रार्थना करायची ती घरात, गाजावाजा न करता. ज्या देशाचं मीठ खातो त्याचा कायदा पाळणं हाही साक्षीचाच भाग आहे. शिवाय तुमच्या धाडसाची किंमत तुमच्याबरोबर खोलीतल्या इतरांनाही मोजावी लागू शकते.

मोबाइलचं तर अधिकच जपा. गावाकडच्या ग्रुपवर दुसऱ्या धर्माची टिंगल करणारं चित्र येतं, तुम्ही न वाचता पुढे ढकलता. अमिरातीत धर्माची निंदा आणि धार्मिक द्वेष यांविरुद्ध 2015 पासून कडक कायदा आहे आणि मोबाइलवरचा मजकूरही त्यात येतो. पण कायदा नसता तरी ते करू नका. ज्याच्या पंक्तीला दुपारी जेवलात त्याच्या श्रद्धेची रात्री टिंगल करता येत नाही.

आता खोलीकडे येऊ, कारण आखातातल्या कामगाराची खरी परीक्षा खोलीत होते. एका खोलीत सहा-आठ माणसं, वर-खाली पलंग, एक फ्रिज, एक बाथरूम. भांडणं धर्मावरून क्वचित होतात. ती होतात आंघोळीच्या पाळीवरून, न घासलेल्या पातेल्यावरून, रात्री मोठ्यानं चाललेल्या व्हिडिओ कॉलवरून. समजा तुमची पहाटेची पाळी आहे आणि बाकीचे झोपलेत. दिवा न लावता, मोबाइलच्या उजेडात कपडे चढवून, दार हळू ओढून बाहेर पडणं, हे तुमच्या त्या दिवसाच्या प्रार्थनेइतकंच मोलाचं आहे. तुमची स्वयंपाकाची पाळी असेल तर डुक्कर न खाणाऱ्या आणि गाय न खाणाऱ्या दोघांचाही विचार करून भांडी वेगळी ठेवा. रमजानात खोलीतला सोबती रोजा धरत असेल तर त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन बसू नका. काही देशांत त्या दिवसांत उघड्यावर खाणंपिणं कायद्यानंही बंद असतं. संध्याकाळी त्याच्यासाठी खजूर आणि पाणी काढून ठेवलंत तर तुम्हाला ख्रिस्ताविषयी एक शब्दही बोलावा लागणार नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं बोलावणं आलं तर जा, खुर्च्या मांडायला मदत करा. पूजेत किती सहभागी व्हायचं हे तुमच्या विवेकानं ठरवा आणि ते नम्रपणे सांगा. मराठी माणूस असं स्पष्ट पण गोड बोलणं समजून घेतो.

पैशाचा व्यवहार नाती सर्वांत लवकर नासवतो. सोबत्याला अडचणीत पैसे द्यायचे असतील तर परत आले नाहीत तरी चालतील एवढेच द्या आणि मनातून सोडून द्या. त्याहून मोठी रक्कम असेल तर लिहून ठेवा, दोघांनी सही करा. त्यात अविश्वास नाही, मैत्रीची काळजी आहे. व्याजानं पैसे फिरवू नका. अडलेल्या कामगाराकडून व्याज घेणारा ख्रिस्ती मी रविवारी पुढच्या बाकावर बसलेला पाहावा, याइतकं मला दुसरं काही सलत नाही.

वॉर्डात किंवा कुणाच्या घरी देखभालीला असाल तर तुमच्या हातात मोठी सत्ता असते, हे ध्यानात ठेवा. अंथरुणावरचं माणूस पाण्यासाठी, कूस बदलण्यासाठी, लघवीच्या भांड्यासाठीसुद्धा तुमच्यावर अवलंबून असतं. अशा माणसाला धर्म ऐकवायचा नाही. त्याला नाही म्हणायची मोकळीक नसते, आणि जिथे नाही म्हणता येत नाही तिथला होकार खरा नसतो. मरणाच्या दारातल्या पेशंटला त्याच्या धर्माची प्रार्थना हवी असेल तर त्याच्या माणसांना फोन करून बोलवा, पलंगाभोवतीचा पडदा ओढा, वेळ मिळवून द्या. तुमची प्रार्थना तुम्ही मनात करू शकता. तिला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

जुन्या करारात नामान नावाच्या सेनापतीच्या घरी एक मुलगी कामाला होती. इस्राएलमधून पळवून नेलेली, परक्या घरात राबणारी. मालकाला कुष्ठ झालेलं पाहून तिनं मालकिणीजवळ एवढंच बोलून दाखवलं की, आमच्याकडच्या संदेष्ट्याकडे गेले तर बरे होतील. तिचं नावही लिहिलेलं नाही. ज्यांनी तिला घरापासून तोडलं त्यांचं भलं व्हावं असं तिला वाटलं. परदेशात घरकामाला गेलेल्या कित्येक बायका आजही त्याच जागी उभ्या आहेत, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

पण त्या गोष्टीचा कुणी उलटा अर्थ लावू नये. अन्याय मुकाट्यानं सोसणं म्हणजे ख्रिस्ती नम्रता, असं सांगून आपण अनेक मुलींचं नुकसान केलं आहे. पगार अडवला, पासपोर्ट काढून घेतला, अंगावर हात टाकला, तर भारतीय दूतावासाकडे जायचं. परराष्ट्र खात्याचं ‘मदद’ पोर्टल तक्रारीसाठीच आहे आणि दूतावासांकडे अडचणीतल्या भारतीयांसाठी कल्याण निधी असतो. दहावी न झालेल्यांनी आखातात जाताना ई-मायग्रेट पोर्टलवरून रीतसर मंजुरी घ्यावी. प्रवासी भारतीय विमा योजनेचा 10 लाखांचा विमाही त्यात येतो. एजंट या गोष्टी टाळायला सांगत असेल तर तो एजंटच टाळा. खोलीतली दुसरी बाई अशा संकटात असेल आणि तिला लिहिता येत नसेल तर तिचा अर्ज तुम्ही भरा, तिच्याबरोबर जा. सुट्टीचा एक दिवस त्यात गेला तरी जाऊ द्या.

स्वतःची ओळख सोडायचीही गरज नाही. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या, त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तरी त्यांनी शाकाहार सोडला नाही. लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस घालायला त्यांनी हरकत घेतली, कारण ते शब्द ना त्यांना कळत होते ना त्यांच्या देशातल्या माणसांना. त्या सिस्टरांपैकी जेराल्डिन यांच्याशी त्यांचे यावरून पत्रांतून खटके उडाले, पण दोघींनी नातं तोडलं नाही. वाद घालूनही माया ठेवता येते, हे त्या पत्रांतून शिकावं. आणि रमाबाईंच्या मनाला ख्रिस्ताकडे ओढणारी गोष्ट कुठली, तेही पाहावं. वाँटेजच्या या सिस्टर लंडनजवळच्या फुलहॅममध्ये समाजानं टाकलेल्या बायकांना मायेनं सांभाळत होत्या, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तत्त्वज्ञानात कुणालाही हरवू शकणाऱ्या विदुषीच्या मनावर त्या घरातल्या वागणुकीनं पकड घेतली. तुम्हीही मराठीतच प्रार्थना करा, घरून नेलेला मसाला वापरा, मुलं तिथे वाढत असतील तर त्यांच्याशी घरात मराठी बोला.

चर्चचा शोध पहिल्या आठवड्यातच घ्या. अमिरातीत 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली, पण कुवेत, कतार, बहारीन, ओमानमध्ये शुक्रवार-शनिवारच आहे, त्यामुळे तिथे मुख्य गर्दी शुक्रवारी असते. वेळा विचारून घ्या. मराठी मिस्सा किंवा मराठी उपासना होते का, याची चौकशी करा. नसेल तर चार घरांनी मिळून महिन्यातून एकदा सुरू करा. इथे वसईचे कॅथलिक आणि नगर-सोलापूरकडचे प्रोटेस्टंट आयुष्यभर एकमेकांच्या दारात जात नाहीत. परदेशात एका टेबलाशी बसता येतं, ती संधी दवडू नका. मात्र आपल्याच माणसांच्या घोळक्यात सगळ्या सुट्ट्या घालवू नका. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं रोममधून हाकललं गेलेलं, करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरणारं. त्यांनी तशाच कारागीर पौलाला घरात ठेवून घेतलं, त्याच्याबरोबर कामाला बसले, आणि पुढे मंडळी त्यांच्या घरात जमू लागली. तुमच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरातही नाताळच्या रात्री घरी न जाऊ शकलेला एखादा श्रीलंकन ड्रायव्हर जेवायला बसू शकतो.

तुम्ही मोठ्या पदावर गेलात, इंजिनिअर म्हणून, घरी कामाला बाई ठेवण्याइतके, तर तिच्याशी कसं वागता ते तपासा. तिला आठवड्याची सुट्टी द्या, तिचा पासपोर्ट तिच्याकडे राहू द्या, ती जेवली का हे रोज पाहा.

सर्वांत अवघड नातं घरचं. दूर राहिलं की माणूस पैसे पाठवून सुटतो. नवरा तिकडे, बायको इकडे, आणि दोघांच्या बोलण्यात फक्त हप्ते, फी, पत्रे बदलायचेत, एवढंच उरतं. फोनची वेळ ठरवून घ्या आणि ती पाळा. आठवड्यातून एकदा तरी पैशाचा विषय न काढता बोला. मुलांना आज काय झालं ते विचारा. शेवटी दोघं मिळून एक छोटी प्रार्थना म्हणा, फोनवरच. एकटेपणात मन दुसरीकडे ओढलं जातं, यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते लपवून ठेवू नका. फादरांशी, पाळकांशी किंवा एखाद्या जाणत्या माणसाशी वेळीच बोला. दारूचं तसंच.

आणि अंबाडीत मागे राहिलेल्यांनो, तुमच्याकडेही काम आहे. गेलेल्याच्या म्हाताऱ्या आईला कुणी दवाखान्यात न्यायचं, रेशनच्या रांगेत कुणी उभं राहायचं, हे त्याच्या जाण्याआधी मंडळीत बसून ठरवा. त्याला फोन केलात तर आधी तो जेवला का ते विचारा, मग मंडपासाठी वर्गणी मागा. सुट्टीवर आला की सगळ्या उधाऱ्या त्याच्यापुढे एकाच दिवशी ठेवू नका. आणि त्याच्या खोलीत राहणाऱ्या सोबत्यांची नावं विचारून घ्या. नाताळच्या करंज्यांचा डबा पाठवाल तेव्हा त्यांच्याही वाटणीच्या भरा.